मैत्रीण जर्मनीला चालली आहे, जायच्या आधी दोघींनी कुठला ट्रेक करावा?

रानजाई | 5 डिसेंबर, रात्री 10:48

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांनी धागा काढतेय, नीट सल्ला हवाय.

माझी ट्रेकमधली मैत्रीण 9 जानेवारीला जर्मनीला चालली आहे. फ्रायबुर्ग नावाचं गाव आहे, नवऱ्याची नोकरी तिकडे, मुलाची शाळापण ठरली, म्हणजे दोन-तीन वर्षांत परत वगैरे काही नाही. 18 वर्षं आम्ही दोघी एकत्र डोंगर चढतोय. लग्नं, बाळंतपणं, सासूबाईंची आजारपणं, सगळ्यातून महिन्यातला एक रविवार आम्ही वाचवलाय. मी कोथरूडला, ती धायरीला, पहाटे चारला मी तिला फोन करणार, ती उचलणार, "उठले" म्हणणार आणि परत झोपणार, मग सव्वाचारला दुसरा फोन. इतकी वर्षं हेच चाललंय.

आता जायच्या आधी एक ट्रेक करायचाच आहे. माझ्या मनात राजगड ते तोरणा आहे, कारण जानेवारी 2012 मध्ये आम्ही तो करायला गेलो होतो आणि मधल्या खिंडीत तिचा पाय मुरगळला म्हणून सोडून आलो. तेव्हापासून राहिलाय तो राहिलाच. पण आता दोघीही पंचेचाळिशीला आलोय, आणि दुसरा विचार असा येतो की इतका दमवणारा ट्रेक केला तर बोलणं कधी होणार? त्यापेक्षा तिकोन्यासारखं काहीतरी सोपं करावं, वर निवांत बसावं, पोटभर गप्पा माराव्यात.

तुम्ही काय केलं असतं? कुणी असा शेवटचा ट्रेक केलाय का?

तळजाई_रोज | 5 डिसेंबर, रात्री 11:05

आधी ते "शेवटचा" काढा बरं. आमची आई कुणी "जाते" म्हटलं तरी ओरडायची, "येते म्हण" म्हणून.

घसारा | 5 डिसेंबर, रात्री 11:20

राजगड-तोरणाच करा. पंचेचाळीस हे काय वय आहे का, मी 58 चा आहे आणि गेल्या फेब्रुवारीत केलाय. हिवाळ्यासारखा मोसम नाही त्याला. पावसाळ्यात त्या सोंडेवर धुक्यात वाट सापडत नाही आणि मार्चनंतर सावली नाही, पाणी नाही. फक्त एक लक्षात ठेवा, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायला दोन तास धरा, म्हणजे चारच्या आत मेंगाईच्या देवळापासून खाली निघालंच पाहिजे. आणि वाळलेल्या गवताखाली मुरूम असतो तो दिसत नाही, चढताना काही वाटत नाही पण उतरताना पाय सर्रकन जातो. बूट साधे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगवाले चालतील, पकड चांगली आहे त्यांची, पण झिजलेले नकोत.

दशमी | 6 डिसेंबर, सकाळी 7:32

मी घसारा यांच्याशी असहमत. मी माझ्या मावसबहिणीबरोबर असंच केलं होतं, ती कॅनडाला जायच्या आधी. मी हौसेने हरिश्चंद्रगड ठरवला, तोही नळीच्या वाटेने, कारण "काहीतरी मोठं" करायचं होतं. अख्खा दिवस आम्ही "इथे पाय ठेव", "दोर धर", "पाणी किती उरलं" याच्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. कोकणकड्यावर पोचलो तेव्हा अंधार पडत आलेला, दोघी इतक्या दमलेल्या की जेवून आडव्या झालो. दुसऱ्या दिवशी उतरलो आणि ती गेली. आता सात वर्षं होतील. फोनवर बोलतो आम्ही, पण त्या दिवशी मला तिला एक विचारायचं होतं ते फोनवर काही विचारता येत नाही, ते राहूनच गेलं.

म्हणून म्हणते तिकोना करा. किंवा सिंहगडच करा, आतकरवाडीतून सावकाश चढा, वर मडक्यातलं दही खा, दिवसभर देवटाक्यापाशी बसा. मोठ्या ट्रेकचं काय घेऊन बसलात.

पाबेघाट | 6 डिसेंबर, सकाळी 8:10

दशमी, वाचून गलबललं.
पण मला उलट अनुभव आहे. समोरासमोर बसलं की जायचा विषय निघतो आणि मग रडारड होते. चालताना एकजण पुढे, एकजण मागे, तोंड दिसत नाही, तेव्हा माणूस जे बोलतो ते कट्ट्यावर बसून कधीच बोलत नाही. माझ्या भावाने त्याच्या घटस्फोटाचं मला राजगडाच्या गुंजवण्याच्या वाटेवर सांगितलं. पाठमोरा. मी काही न बोलता चालत राहिलो आणि त्याला तेच हवं होतं.

जुना_भिडू | 6 डिसेंबर, सकाळी 9:44

के टू एस का नाही? कात्रज ते सिंहगड, घराजवळ, रात्रीची पुण्याची दिवाळी दिसते खाली. किंवा 13-14 डिसेंबरला उल्कावर्षाव आहे मिथुन राशीतला, वर्षातला सगळ्यात चांगला, तो बघायला कुठेतरी वर जा. रात्री दोनच्या सुमाराला मिथुन डोक्यावर येतं. शाल पांघरून आडवं पडायचं आणि उल्का मोजायच्या, त्यात गप्पा आपोआप होतात.

रानजाई | 6 डिसेंबर, दुपारी 1:15

13 ला तिच्या सासरचं केळवण आहे, म्हणजे केळवण नाही पण सगळे नातेवाईक जेवायला बोलावतायत रोज, तेच. तिला 19-20-21 एवढंच मोकळं आहे.

दशमी, तुम्ही लिहिलंय ते वाचून मी फोन बाजूला ठेवून बसले थोडा वेळ. हीच भीती आहे मला. पाबेघाट यांचंही पटतंय, त्यामुळे जास्तच गोंधळ झालाय.

टाकं_भरलेलं | 6 डिसेंबर, दुपारी 3:02

दोघीच जाणार का? मग थोडं काळजीने सांगतो. राजगडावर आता गर्दी असते, जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले त्यात राजगड आहे, त्यामुळे वाढलीच आहे. पण संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून खाली उतरलात की पुढे तोरण्यापर्यंत चिटपाखरू नसतं. फोनला रेंज येते-जाते. गुंजवण्यातून किंवा भुतोंड्याकडून वाटेचा माहितगार एखादा माणूस बरोबर घ्या, त्यालाही चार पैसे मिळतात. आणि वर मुक्कामाचं धरून चालू नका, नियम बदलत असतात, आधी चौकशी करा. खाली गुंजवण्यात घरगुती सोय होते, गरम भाकरी-पिठलं मिळतं, पहाटे निघा.

पाणी माणशी किमान 4 लिटर. राजगडावर पद्मावती तळ्याच्या बाजूला टाकी आहेत, तोरण्यावर तोरणटाकं-खोकडटाकं, पण मधल्या धारेवर भरवसा ठेवू नका.

आणखी एक, डिसेंबरात कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट, डिओ काही लावू नका, बुरुजावर शेकोटी-धूर अजिबात नको, मोठ्याने आरडाओरडा नको. माझ्या डोळ्यांदेखत एका ग्रुपमधल्या मुलाने मोहोळाच्या दिशेने दगड भिरकावला होता, पुढचे चार तास आम्ही सगळे जाकिटं डोक्यावर घेऊन झुडपात पालथे पडलो होतो. त्या मुलाला 60 च्या वर काटे लागले, खाली दवाखान्यात न्यावं लागलं.

घसारा | 6 डिसेंबर, दुपारी 3:30

+1, आणि माश्या उठल्या तर हात झटकू नका. तोंड-मान झाकून तिथून लगेच लांब जा.

आणि कुसळं! हे कुणीच सांगितलं नाही. डिसेंबरात त्या धारेवर गवत कमरेपर्यंत वाळलेलं असतं. लोकरीचे मोजे, फ्लीस, विणलेली ट्रॅकपँट काही घालू नका, कुसळं आरपार जातात. गुळगुळीत कापडाची पँट, आणि बुटांच्या तोंडावर काहीतरी गुंडाळा.

चिवडा_वडी | 6 डिसेंबर, संध्याकाळी 6:18

खायला काय नेणार ते सांगा, ट्रेक कुठलाही करा!

दशमी | 6 डिसेंबर, संध्याकाळी 6:40

दशम्याच न्या. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही, गूळ दुधात विरघळवून घातला तर तोंडी लावायलाही काही नको. दोन दिवस मऊ राहतात. बरोबर तिळाची चटणी आणि संत्री. संत्र्याची सालं परत पिशवीत आणा, "कुजतात की" म्हणून टाकू नका, किल्ल्यावर वाळून तशीच पडलेली असतात महिनाभर.

चिवडा_वडी | 6 डिसेंबर, संध्याकाळी 6:55

गुळाची पोळी पण चालेल ना? थंडीत तूप थिजलेलं, आहाहा.

अंगणवेल | 7 डिसेंबर, सकाळी 11:20

मला वाटतं राजगड-तोरणा करा पण पूर्ण करू नका. त्याच खिंडीपर्यंत जा आणि उरलेला ती परत येईल तेव्हासाठी ठेवा. काहीतरी बाकी असलं की माणूस परत येतं.

पाबेघाट | 7 डिसेंबर, सकाळी 11:41

सुंदर कल्पना!

जुना_भिडू | 7 डिसेंबर, दुपारी 12:03

खरंच छान. मला आवडलं.

खिंडीत_थांबलेली | 7 डिसेंबर, रात्री 9:30

नमस्कार. मी ती मैत्रीण. रानजाईने मला धागा दाखवला नव्हता, माझ्या नणंदेने पाठवला, "हे तुझंच वाटतंय" म्हणून. खाते उघडून पहिल्यांदाच लिहितेय.

अंगणवेल, तुमची कल्पना प्रेमाची आहे, कळतंय मला. पण मला ते नकोय. पाय माझा मुरगळला होता. हिला मी म्हटलं होतं तू पुढे जा, मी रस्त्यावर गाडी मिळते का बघते, पण ही माझ्याबरोबर थांबली, दूधवाल्याच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये बसून आम्ही वेल्ह्याला आलो. एवढ्या वर्षांत हिने एकदाही बोलून दाखवलं नाही. नंतर हिने दुसऱ्या कुणाबरोबर तो ट्रेक केलाही नाही, तीनदा बोलावणं आलं तरी गेली नाही, हे मला माहीत आहे. आता तेच परत अर्धवट ठेवून मला विमानात बसायचं नाही. घरात 23 किलोच्या बॅगा भरणं चालू आहे, रोज काहीतरी बाहेर काढावं लागतंय, पातेली, पुस्तकं, आईची पोळपाटाची जोडी. निदान हे एक तरी पूर्ण करून जाऊ दे.

आणि तिकोना आम्ही 11 वेळा केलाय.

रानजाई | 7 डिसेंबर, रात्री 9:52

अगं बाई.

तळजाई_रोज | 7 डिसेंबर, रात्री 9:58

झालं की मग, ठरलं! दोघींना शुभेच्छा. वृत्तांत पाहिजे.

दशमी | 7 डिसेंबर, रात्री 10:15

मी माझं मत मागे घेते. जिला जायचंय तिनेच सांगितलं तर प्रश्नच मिटला. फक्त माझं एक ऐका, लवकर निघा, म्हणजे मध्ये कुठेतरी अर्धा तास बसायला उरेल. आणि विचारायचं असेल ते विचारून घ्या दोघींनी.

फ्रायबुर्गकर | 8 डिसेंबर, रात्री 2:20

धागा आत्ता पाहिला. मी नऊ वर्षं फ्रायबुर्गमध्ये आहे, मूळचा भोरचा. ताई, घाबरू नका, गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. ब्लॅक फॉरेस्टमधला सगळ्यात उंच डोंगर फेल्डबर्ग, 1493 मीटर, म्हणजे आपल्या तोरण्यापेक्षा जेमतेम 90 मीटर जास्त. जंगल मात्र बरंचसं सूचिपर्णी, करवंदाच्या जाळ्या नाहीत, कडे नाहीत आपल्यासारखे, बुरूज नाहीत. पहिल्या वर्षी मला ते डोंगर फार गुळगुळीत वाटायचे. वाटा मात्र इतक्या नीट आखलेल्या की चुकायची सोय नाही. वेस्टवेग नावाची एक जुनी लांब वाट आहे, 1900 सालापासूनची, फोर्झहाइमपासून बाझेलपर्यंत 285 किलोमीटर, तिची खूण म्हणजे पांढऱ्यावर लाल शंकरपाळा. खरंच शंकरपाळ्याचाच आकार. माझी मुलगी त्याला शंकरपाळ्याची वाट म्हणते.

डिसेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो, ते सुरुवातीला जड जातं. रविवारी घरात बसू नका, बाहेर पडा, एवढंच सांगतो. आल्यावर इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खिंडीत_थांबलेली | 8 डिसेंबर, सकाळी 6:45

हे वाचून खूप बरं वाटलं हो. नक्की करते.

चिवडा_वडी | 8 डिसेंबर, सकाळी 7:10

जाताना शंकरपाळ्यांचा डबा न्या म्हणजे झालं!

घसारा | 22 डिसेंबर, सकाळी 8:00

काय झालं? गेलात का? वृत्तांत?

रानजाई | 23 डिसेंबर, रात्री 11:35

झाला! पूर्ण झाला. पाय अजून जिना उतरू देत नाहीत म्हणून दोन दिवस लिहिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून नसरापूर, तिथून मार्गासनी करत गुंजवण्यात पोचलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी बाजरीची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. टाकं_भरलेलं यांनी सांगितल्याप्रमाणे गावातलेच एक मामा बरोबर घेतले, साठीचे असतील, पायात चपला, आणि आमच्या दुप्पट वेगाने चालत होते.

पहाटे साडेचारला उठायचं होतं. शेजारीच झोपलेली असूनही हिला दोनदा उठवावं लागलं.

पाचला निघालो. आदल्या दिवशीची अमावास्या, त्यामुळे नुसतं काळंभोर. पश्चिमेला गुरू इतका ठळक झळकत होता की आधी मला वाटलं तोरण्यावर कुणाची बॅटरी आहे. थंडी अशी की बोटांना काठी धरवेना. चोर दरवाज्याच्या खालच्या रेलिंगपाशी उजाडलं, सूर्य वर आला तेव्हा रेलिंगचं लोखंड हातमोज्यातूनसुद्धा बर्फासारखं लागत होतं. पद्मावती माचीवर चहा घेतला, देवीला नमस्कार केला, सईबाईंच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबलो. 1659 मध्ये त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते, हिला दरवेळी तिथे गलबलून येतं, ह्यावेळी मुलाला घेऊन परदेशी निघालेली म्हणून जास्तच.

संजीवनीवर नऊला. समोर तोरणा आणि बुधल्याचं टोक अगदी स्वच्छ. मामा म्हणाले बसा घटकाभर, उन्हं अंगावर घ्या. तिथे त्या दुहेरी तटबंदीच्या मध्ये वारा लागत नाही, आम्ही दशम्या खाल्ल्या, दशमी तुमच्या पद्धतीने केल्या होत्या, एकदम मऊ. मामांनी चार खाल्ल्या. बरोब्बर अर्धा तास बसलो. तिने मला विचारलं, "तू रविवारी काय करणार आता?" मी म्हटलं बघू. खरं तर मी विचारच केला नव्हता तोपर्यंत. सगळा विचार हिचाच करत होते, तिला तिकडे कसं होईल, थंडीत काय करेल. मग अळू दरवाज्यातून उतरताना ती पुढे आणि मी मागे, पाबेघाट यांनी लिहिलं होतं तसंच, आणि मी तिच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं. घरातलं एक होतं, इथे नाही लिहीत. ती एकदाही मागे वळली नाही. फक्त एका ठिकाणी थांबली आणि हात मागे केला, मी धरला, तेवढंच. मामा खूप पुढे गेले होते.

खिंडीत बाराला पोचलो. रस्त्यावर एक मावशी लिंबूसरबत विकत होत्या. ही त्या जागी उभी राहिली जिथे तेव्हा बसली होती, मला म्हणाली, "फोटो नको काढू", आणि बाटली भरून सरळ समोरच्या चढाला लागली. मला वाटलं होतं तिथे थांबू, काहीतरी बोलू, पण नाही. त्या चढाला ती जी निघाली ती मला गाठता येईना.

बुधल्याखालचा शेवटचा उभा टप्पा मात्र कठीण गेला, पोटऱ्यांत गोळे आले. मेंगाईच्या देवळात पावणेचारला टेकलो, घसारा, तुमची चारची वेळ पाळली! हिने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं आणि म्हणाली "झालं गं". बिनी दरवाज्यातून उतरलो, वेल्ह्यात सहा वाजून दहा मिनिटांनी. वेल्ह्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही एकमेकींची कुसळं काढत बसलो. घसारा यांनी सांगूनही हिने फ्लीसचं जाकीट घातलं होतं, कारण चांगली जाकिटं सगळी बॅगेत गेली होती. पाऊण तास काढत होतो. एक आजी बाजूला बसल्या होत्या त्यांनीपण मदत केली, त्यांची नजर आमच्यापेक्षा चांगली. कुसळाच्या उलट दिशेने ओढायचं नाही, ज्या बाजूने घुसलंय तिकडूनच पुढे ढकलून काढायचं, हे त्यांनी शिकवलं.

सगळ्यांचे मनापासून आभार.

दशमी | 24 डिसेंबर, सकाळी 7:05

रानजाई, मी काल रात्री मावसबहिणीला फोन केला. विचारलं. एवढंच सांगते.

घसारा | 24 डिसेंबर, सकाळी 8:20

शाब्बास! आजींची कुसळं काढायची युक्ती मला माहीत नव्हती, 35 वर्षं उलटीच ओढतोय.

खिंडीत_थांबलेली | 18 जानेवारी, रात्री 11:50

धागा वर आणतेय. आठवडा झाला इथे येऊन. बाहेर उणे तीन आहे. आज रविवार, सकाळी कुठे जायचं नव्हतं, बॅगा लावत बसले, ते फ्लीसचं जाकीट काढलं आणि बाहीच्या अस्तरात काहीतरी टोचलं. तीन कुसळं. मी त्या आजींनी सांगितल्यासारखी पुढे ढकलून दोन काढली, तिसरं राहू दिलं.

फ्रायबुर्गकर, पुढच्या रविवारी, 25 ला, तुम्ही लोक डोंगरात जाणार असाल तर मी येऊ का? मुलालाही आणते.

फ्रायबुर्गकर | 19 जानेवारी, रात्री 1:10

या की! फेल्डबर्गला आत्ता बर्फ फार आहे, तो नंतर. आधी शाउइन्सलांड करू, 1284 मीटर, गावचाच डोंगर आहे, ट्रामने पायथ्याजवळ जाता येतं. बूट उंच घोट्याचे हवेत, मुलाला जादा मोजे घ्या. आम्ही चौघे आहोत. आठला ट्रामच्या थांब्यावर भेटू, पत्ता व्यनि करतो. साडेसहाला उठायला लागेल बरं का.

रानजाई | 19 जानेवारी, सकाळी 6:20

तिकडे साडेसहा म्हणजे इथे अकरा. मी करते फोन. पहिला अकराला, दुसरा सव्वाअकराला.